‘आमे नि फुरारेता’ : जपानी उकेमि समजून घेताना

मराठी माणसाला जपानीची सुरुवात सोपी जाते. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, ‘वा’, ‘गा’, ‘ओ’, ‘नि’ हे आपल्या ‘ने’, ‘ला’, ‘त’सारखे नामाच्या मागे लागतात, आणि ‘मी पाणी पिते’ हे शब्दामागे शब्द ठेवून ‘वाताशि वा मिझु ओ नोमिमासु’ असं सांगता येतं. पुण्यात जपानी शिकणारे इतके आहेत त्याचं पहिलं कारण नोकऱ्या हे खरंच, पण वाक्याची ही ठेवण आपल्याला जवळची वाटते याचाही त्यात वाटा असावा. मीही पुण्यातच शिकायला लागले आणि एन-फाइव्हच्या, म्हणजे जपानीच्या सगळ्यात सोप्या पातळीच्या, परीक्षेपर्यंत मराठीचं बोट धरून गेले.

एन-फोरच्या तयारीत उकेमि आलं. कुणी काय केलं यापेक्षा कुणावर काय घडलं हे सांगणारं क्रियापदाचं रूप, ते उकेमि. वर्गात कुणी त्याला पॅसिव्ह म्हणायचं, कुणी कर्मणी प्रयोग.

रूपं तयार करणं अवघड नाही. पहिल्या गटातल्या क्रियापदाचा शेवटचा ‘उ’ जाऊन ‘आ’ येतो आणि पुढे ‘रेरु’ लागतं. काकु (लिहिणं) चं काकारेरु, योमु (वाचणं) चं योमारेरु, नुसुमु (चोरणं) चं नुसुमारेरु. ‘इउ’ (म्हणणं), ‘काउ’ (विकत घेणं) अशा, शेवटी नुसता ‘उ’ असलेल्या क्रियापदांत मध्ये ‘व’ येतो, म्हणून इवारेरु, कावारेरु. दुसऱ्या गटात ‘रु’ काढून ‘रारेरु’ लावायचं: ताबेरु (खाणं) चं ताबेरारेरु, होमेरु (कौतुक करणं) चं होमेरारेरु. राहिली दोन अनियमित, सुरु (करणं) चं सारेरु आणि कुरु (येणं) चं कोरारेरु. नवीन शिकणाऱ्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते. मूळ क्रियापद कुठल्याही गटातलं असो, उकेमि झालं की ते दुसऱ्या गटातल्यासारखं चालतं: काकारेमासु, काकारेते, काकारेनाइ. एवढं पक्कं असलं की पुढची रूपं वेगळी पाठ करावी लागत नाहीत.

पहिली वाक्यंही सरळ होती. ‘सेन्सेइ गा वाताशि ओ होमेता’, सरांनी माझं कौतुक केलं. त्याचं उकेमि ‘वाताशि वा सेन्सेइ नि होमेरारेता’. ज्याच्यावर क्रिया झाली तो पुढे आला, करणाऱ्याला ‘नि’ लागलं. इथपर्यंत शाळेत शिकलेल्या व्याकरणाला कुठे धक्का लागत नाही.

पान उलटलं की मात्र ‘आमे नि फुरारेता’ समोर येतं. आमे म्हणजे पाऊस, फुरु म्हणजे पडणं. पडणं अकर्मक आहे. पाऊस पडतो तेव्हा तो कशाला पाडत नाही, नुसता पडतो. कर्मच नाही तर कर्मणी कसं होणार? शिवाय या वाक्यात न बोलता धरलेला ‘मी’ आहे, आणि ‘आमे गा फुत्ता’, म्हणजे ‘पाऊस पडला’, या मूळ वाक्यात तो मी कुठेच नव्हता. तो आला कुठून? वर्गात उत्तर मिळालं की याला ‘मेइवाकु नो उकेमि’ म्हणतात, त्रासाचं उकेमि, हा प्रकार असाच लक्षात ठेवायचा. परीक्षेपुरतं तेवढं पुरलं. पण बोलायची वेळ आली की माझ्या तोंडात सरळ वाक्यंच यायची. उकेमि वाचताना ओळखू यायचं, आपणहून सुचायचं नाही.

पुढे नोकरीसाठी कावासाकीला आले. एका संध्याकाळी स्टेशनजवळच्या सायकलतळावर माझी सायकल जागेवर नव्हती, म्हणून शेजारच्या कोबानमध्ये, म्हणजे पोलिस चौकीत गेले. जाता जाता मनात वाक्य जुळवलं होतं: ‘दारेका गा वाताशि नो जितेन्शा ओ नुसुमिमाशिता’, कुणीतरी माझी सायकल चोरली. व्याकरणाला धरून होतं, पोलिसाला नीट कळलंही. त्याने कुलूप लावलं होतं का विचारलं, सायकलवर चिकटवलेल्या नोंदणीपट्टीचा क्रमांक विचारला (जपानमध्ये सायकलीची अशी नोंदणी करावीच लागते) आणि मग आतल्या सहकाऱ्याकडे वळून म्हणाला, ‘जितेन्शा, नुसुमारेता सोउ देसु.’ सायकल चोरीला गेलीय म्हणतात.

माझ्या वाक्याची सुरुवात ‘कुणीतरी’पासून होती. तो कुणीतरी कोण हे मला माहीत नव्हतं, पोलिसाला माहीत नव्हतं, कदाचित कधीच कळणार नव्हतं. पोलिसाच्या वाक्यात तो नव्हताच. त्याच्या वाक्यात होते मी आणि माझी सायकल. समोर ठेवलेल्या अर्जाचं नाव होतं ‘हिगाइ तोदोके’, ज्याचं नुकसान झालं त्याने द्यायची खबर, आणि तिथेही आधी माझं नाव, माझा पत्ता. घरी आल्यावर मी वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं: ‘जितेन्शा ओ नुसुमारेमाशिता.’ इथे सायकलीला ‘ओ’ आहे, म्हणजे ती अजून कर्मच आहे. वाक्याचा धनी मी आहे आणि मी बोललेसुद्धा जात नाही. उलट ‘वाताशि नो जितेन्शा गा नुसुमारेता’ असं म्हटलं तरी ते वाक्य बसतं, पण ते सायकलीबद्दलचं वाक्य होतं, एखाद्या अहवालातल्यासारखं. माणूस स्वतःचं सांगतो तेव्हा ‘ओ’ घेऊन सांगतो.

हे मी शनिवारच्या वर्गात विचारलं. परदेशी लोकांसाठी स्वयंसेवक चालवतात असे जपानीचे वर्ग इथे गावोगावी असतात. आमच्या सेन्सेइ निवृत्त बाई आहेत. व्याकरणाचे शब्द त्या फारसे वापरत नाहीत, कागद ओढतात आणि चित्र काढतात. त्यांनी चार चौकटी आखल्या. पहिल्या चौकटीत सकाळी घराबाहेर पडलेल्या माणसाला कुत्रा चावतोय, दुसरीत गाडीच्या गर्दीत त्याच्या पायावर कुणीतरी पाय देतंय, तिसरीत त्याच्या खिशातलं पाकीट काढलं जातंय, चौथीत छत्री नसताना पाऊस. म्हणाल्या, सांगा काय झालं ते.

मी आधी सरळ सांगितलं. कुत्रा चावला, बाईने पाय दिला, चोराने पाकीट मारलं, पाऊस पडला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘दारे नो हानाशि देसु का?’ ही गोष्ट कुणाची?

मग त्यांनीच म्हणून दाखवलं: ‘इनु नि कामारेते, देन्शा दे आशि ओ फुमारेते, साइफु ओ नुसुमारेते, आमे नि फुरारेमाशिता.’ चारही चौकटींत एकच माणूस. माझ्या सांगण्यात दर चौकटीला नवा कर्ता येत होता: कुत्रा, बाई, चोर, पाऊस. त्यांच्या वाक्यात हे सगळे ‘नि’ लावून बाजूला उभे होते, काही तर उच्चारलेही नव्हते, आणि बिचारा तो माणूस पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत आपल्या जागेवर होता. पाऊस त्या रांगेत इतका सहज येऊन बसला की अकर्मक-सकर्मकाचा प्रश्नच मला पडला नाही. कुत्रा चावला तसाच पाऊस पडला, त्याच्यावर.

इथून माझ्यासाठी उकेमि उघडत गेलं. कर्माचा कर्ता करायची ती युक्ती आहे असं धरून मी बघत होते. खरं तर जपानी बोलणारा आधी ठरवतो की गोष्ट कुणाच्या बाजूने सांगायची, आणि शक्यतो ती बाजू वाक्याच्या मध्येच बदलत नाही. बहुतेक वेळा ती बाजू बोलणाऱ्याची स्वतःची किंवा त्याच्या जवळच्या माणसाची असते. ‘शेजाऱ्याने मला हाक मारली’ यापेक्षा ‘मला शेजाऱ्याकडून हाक मारली गेली’ ही रचना तिथे सहज वाटते, कारण गोष्ट माझी आहे. आपल्याकडे हे दुसरं वाक्य कुणी बोलणार नाही. जपानीत मात्र बागेत खेळणारं लहान पोरसुद्धा आईकडे रडत येतं ते ‘तोरारेता!’ म्हणत. भावाने खेळणं घेतलं, हे ते भावाच्या बाजूने सांगत नाही. माझ्याकडून घेतलं गेलं, एवढंच त्याचं म्हणणं.

मराठी शिकणाऱ्याने म्हणूनच उकेमिकडे कर्मणी प्रयोगाच्या वाटेने जाऊ नये, असं माझं ठाम मत झालं आहे. शालेय व्याकरणात ‘मी आंबा खाल्ला’ हेही कर्मणीच, पण त्या वाक्यात बाजू खाणाऱ्याची आहे, आंब्याची नाही. आणि ‘आंबा खाल्ला गेला’, ‘चोर पकडला गेला’ ही रचना आपल्याकडे बातमीत, अहवालात जास्त शोभते. घरात आपण दुसऱ्याच वाटेने जातो. मी मार खाल्ला. बोलणी खाल्ली. त्याला चांगलाच ओरडा बसला. मला शाबासकी मिळाली. मला डास चावला. ‘शिकारारेता’ हे ऐकलं की मी ‘माझ्यावर रागावलं गेलं’ असं जुळवत नाही, सरळ ‘बोलणी खाल्ली’ ऐकते. ‘का नि सासारेता’ म्हणजे मला डास चावला. उन्हाळ्यात औषधाच्या दुकानात पहिल्यांदा याच वाक्याने माझं काम झालं. ‘इनु नि ते ओ कामारेता’ आणि ‘मला हाताला कुत्रं चावलं’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. मराठीतही आधी ‘मला’, मग ‘हाताला’. आख्खं माणूस आणि त्याचा अवयव दोघांनाही वाक्यात जागा मिळते. ‘माझ्या हाताला कुत्रं चावलं’ असंही म्हणता येतं, पण कळवळून सांगताना तोंडात येतं ते ‘मला’.

आणि ‘आमे नि फुरारेता’? सिंहगडावरून उतरताना आपण म्हणतोच की, मला वाटेत पाऊस लागला. पाऊस पडला ही हवेची बातमी झाली. पाऊस लागला ही माझी.

अर्थात मराठीतली ही वाट प्रत्येक क्रियापदाला मिळत नाही. जपानीत एका प्रत्ययावर सगळं चालतं, आणि तिथेच त्याची खरी ताकद आहे. ‘आकाचान नि नाकारेता’, बाळ रडलं आणि माझी झोप गेली. ‘माए नि सुवारारेता’, माझ्या पुढ्यात कुणी बसलं आणि मला दिसेना. ‘निगेरारेता’, तो पळाला आणि मी बघत राहिले. ‘क्यू नि यासुमारेरु तो कोमारु’, अचानक रजा घेतली की पंचाईत होते. ‘चिचि नि शिनारेता’, वडील गेले आणि मागे राहिलेल्यावर ते कोसळलं. या प्रत्येक मराठी वाक्यात ‘आणि’च्या पुढे जे मी लिहिलं आहे ते जपानीत लिहिलेलं नाही, ते ‘रारेता’च्या पोटात आहे. सगळीच क्रियापदं मात्र हे रूप घेत नाहीत. असणं (आरु), समजणं (वाकारु), दिसणं (मिएरु), जमणं (देकिरु) यांचं उकेमि होत नाही. आणि नुसती वस्तू ‘नि’ लावून त्रास देणारी म्हणून उभी करता येत नाही. गाडी बिघडली म्हणून ‘कुरुमा नि कोवारेरारेता’ म्हणून पाहिलं, तर सेन्सेइंनी मान हलवली. पावसाची गोष्ट वेगळी, तो आपल्या मर्जीने येतो असं भाषा मानते.

त्रासाचं उकेमि हे नाव उपयोगाचं आहे, पण ते सगळ्या उकेमिवर चिकटवू नये. होमेरारेता, कौतुक झालं. एराबारेता, निवड झाली. ताइसेत्सु नि सारेता, जीव लावला गेला. यात त्रास कुठे आहे? कौतुक करणं, निवडणं यांत ज्याच्यावर क्रिया होते तो मूळ वाक्यातच आहे, म्हणून अर्थ क्रियापदाप्रमाणे चांगला किंवा वाईट होतो. त्रासाचा वास येतो तो, मूळ वाक्यात नसलेला माणूस बाहेरून आणून बसवला जातो तेव्हा. त्यालाही अपवाद आहेत. ‘काझे नि फुकारेते’, वाऱ्याच्या झुळका अंगावर घेत, हे सुखाचंच वर्णन आहे.

पण माणसांच्या बाबतीत जपून. मित्र घरी आला हे तीन तऱ्हांनी सांगता येतं. ‘तोमोदाचि गा किता’, आला. ‘तोमोदाचि गा किते कुरेता’, माझ्यासाठी आला, बरं वाटलं. ‘तोमोदाचि नि कोरारेता’, नेमका तेव्हाच येऊन टपकला. घटना तीच आहे. सेन्सेइंनी बजावलं की तिसरं वाक्य त्या मित्राच्या कानावर गेलं तर तो दुखावेल. तेव्हापासून उकेमि शिकताना मी ‘ते मोराउ’ (दुसऱ्याकडून करून घेणं) आणि ‘ते कुरेरु’ (दुसऱ्याने आपल्यासाठी करणं) बरोबरच घेते, तेही कुणाच्या तरी बाजूनेच बोलतात म्हणून. फोटोचं उदाहरण मला सगळ्यात स्पष्ट वाटतं. चेरीच्या बहरात नदीकाठी एका अनोळखी आजोबांना मी फोटो काढायची विनंती केली, त्यांनी काढला: ‘शाशिन ओ तोत्ते मोराइमाशिता.’ त्याच दिवशी माझ्या मैत्रिणीचा फोटो कुणीतरी न विचारता काढला: ‘शाशिन ओ तोरारेमाशिता.’ दोन्हीकडे कॅमेरा दुसऱ्याच्या हातात आहे, चेहरा आपला आहे, करणाऱ्याला दोन्हीकडे ‘नि’च लागतं. मोराउ म्हटलं की उपकार, रारेरु म्हटलं की आगळीक. अशा वाक्याला इथली माणसं लगेच ‘दाइजोबु?’ विचारतात, तुम्ही ठीक आहात ना?

ऑफिसात याच्या अगदी उलट उकेमि भेटलं. मी सॉफ्टवेअर तपासणीचं काम करते, आणि आराखड्यांच्या कागदांत ‘बोतान गा ओसारेता बाआइ’, बटण दाबलं गेल्यास; ‘एराऽ गा ह्योजि सारेरु’, चूक झाल्याचा संदेश दाखवला जातो; ‘देऽता गा होझोन सारेरु’, माहिती साठवली जाते, अशी वाक्यं पानोपानी असतात. इथे कुणाला त्रास नाही, कुणाची बाजू नाही. बटण कोण दाबतं याच्याशी कागदाला देणंघेणं नाही. हे उकेमि आपल्या ‘दाबलं गेल्यास’शी अगदी जुळतं, म्हणून मला ते सगळ्यात आधी हाताशी आलं. पुढे नाराला गेले तेव्हा मंदिरांच्या फलकांवर तेच दिसलं. होर्युजीची स्थापना परंपरेने इसवी सन ६०७ मधली मानतात, त्याला ‘तातेरारेता’, बांधलं गेलं. १९९३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं, त्याला ‘तोउरोकु सारेता’, नोंदवलं गेलं. निर्मात्याचं नाव द्यायचं असेल तर अशा वाक्यांत ‘नि’ऐवजी ‘नि योत्ते’ येतं: गेंजीची कथा ‘मुरासाकि शिकिबु नि योत्ते काकारेता’. पाय तुडवणाऱ्याला मात्र कुणी ‘नि योत्ते’ लावत नाही. अभ्यासकांचं म्हणणं असं की निर्जीव कर्ता आणि ‘नि योत्ते’ ही जोडी युरोपीय भाषांतून झालेल्या भाषांतरांबरोबर जास्त पसरली. ते वाचल्यावर मला हायसं वाटलं, कारण दोन तऱ्हांच्या उकेमिचा सूर इतका वेगळा का लागतो हे कळलं.

यानंतर ‘रारेरु’ ऐकल्याबरोबर उकेमि समजायची सवय लागली, आणि मग सेक्रेटरी बाईंची मेल आली: ‘आशिता, शाचो गा कोरारेमासु.’ उद्या अध्यक्ष येणार आहेत. हे उकेमि नाही, आदर आहे. जुन्या जपानीत ‘रु’ आणि ‘रारु’ हे प्रत्यय चार कामं करत: उकेमि, शक्यता, आदर, आणि आपोआप मनात येणं. आजचं रेरु-रारेरु त्यांचंच वंशज, आणि जपानी मुलं शाळेत अभिजात भाषा शिकताना हे चार अर्थ पाठ करतात. एका प्रत्ययाला चार अर्थ म्हणजे गोंधळच, असं वरवर वाटतं. पण आपल्याकडे बघा. ‘मला आता जिना चढवत नाही’ म्हणणारी आजी आपल्या असमर्थतेबद्दल बोलते आणि चढणं तिच्या हातात नाही असंही सुचवते. ‘जुने दिवस आठवतात’ म्हणताना आठवणारा काही करत नाही, दिवस आपणहून येतात; जपानीत हेच ‘ओमोइदासारेरु’. करणाऱ्याच्या इच्छेबाहेर काही घडतं, हा धागा चारही अर्थांत थोडाथोडा लागतो. मोठ्या माणसाने काही ‘केलं’ असं थेट न म्हणता ते ‘झालं’ असं म्हणण्यातला अदब मराठी कानाला परका नाही. ‘महाराजांचं येणं झालं’ हे आपण ऐकलेलंच असतं.

प्रत्यक्षात अर्थ कळतो तो आजूबाजूच्या प्रत्ययांवरून. ‘सेन्सेइ गा कोरारेता’, सर आले, आदराने. ‘सेन्सेइ नि कोरारेता’, सर आले आणि आमची पंचाईत झाली. फरक फक्त ‘गा’ आणि ‘नि’चा. ऐकताना मी आता क्रियापदाआधी हे दोन पकडते. शक्यतेच्या अर्थाचं ओझं तर जपानी लोक स्वतःच कमी करत आहेत. बोलताना बरेच जण ‘मिरारेरु’च्या जागी ‘मिरेरु’, ‘ताबेरारेरु’च्या जागी ‘ताबेरेरु’ म्हणतात. सांस्कृतिक व्यवहार खात्याच्या २०१६ साली जाहीर झालेल्या पाहणीत ‘मिरेता’ म्हणणारे ‘मिरारेता’ म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले. परीक्षेत आणि औपचारिक लिखाणात मात्र लांब रूपच चालतं. माझ्यासारख्या बाहेरून शिकणाऱ्यांना ही छाटणी सोयीचीच आहे, पण आमच्या सेन्सेइंना ती अजिबात आवडत नाही.

आता राहिलं ते दुहेरी रूप, करायला लावलं गेल्याचं. मात्सु म्हणजे थांबणं, मातासेरु म्हणजे थांबायला लावणं, मातासेरारेरु म्हणजे थांबायला लावलं जाणं. बोलताना ते मातासारेरु होतं. दवाखान्यात तासन्‌तास ताटकळलं की इथले लोक ‘मातासारेता’ म्हणतात, आणि पार्टीत इच्छा नसताना प्यावी लागली की ‘नोमासारेता’. पहिल्या गटातल्या ‘सु’ने संपणाऱ्या क्रियापदांना हे आखूड रूप नाही, म्हणून हानासुचं हानासासेरारेरु असं लांबलचक म्हणावं लागतं. आणि ‘हागेमासारेता’ ऐकलं की सावध राहायचं. ते लावलं गेल्यासारखं ऐकू येतं, पण मूळ क्रियापद हागेमासु, धीर देणं, हेच आहे. धीर मिळाला, एवढाच त्याचा साधा, चांगला अर्थ.

श्रवणाच्या परीक्षेत सगळ्यात जास्त कस लागतो तो इथे. तानाका-सान आणि साहेब यांच्यात कागदांच्या प्रती कुणी काढल्या, एवढंच विचारतात. ‘तानाका-सान वा बुचो नि कोपी सारेता’, प्रती साहेबांनी काढल्या आणि तानाकांना ते खटकलं. ‘कोपी शिते मोरात्ता’, साहेबांनीच काढून दिल्या, तानाकांचं काम झालं. ‘कोपी सासेरारेता’, तानाकांना काढायला लावल्या. तिन्हीकडे तानाका पुढे, साहेबांना ‘नि’, आणि हात कुणाचा चालला ते शेवटच्या दोन-तीन अक्षरांत. एन-थ्रीच्या तयारीत मी अशी वाक्यं स्वतःच्या आवाजात मोबाइलवर भरून ठेवली होती, क्रम उलटसुलट करून, आणि नाम्बू लाइनच्या गाडीत ऐकत जायची. प्रत्येक वाक्यानंतर थांबून दोनच गोष्टी ठरवायच्या: हात कुणाचा, आणि गोष्ट कुणाची. पहिल्याचं उत्तर मला अजून एखाद्या क्षणाने उशिरा येतं, दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत. आता एन-टूच्या पुस्तकातले लांब संवादही त्यात भरले आहेत, आणि पुण्याहून नव्याने आलेली शेजारची मुलगीही तीच फाइल ऐकते.